झाकणाच्या आतली बाजू

मरीमाताच्या खांचात माझं दुकान चार बाय सातचं.
त्यात मी, टेबल, पंखा आणि जिगर.
जिगरला बसायचं असलं की मी उभा राहतो.

सकाळी एक स्पीकर आला होता,
नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत,
वॉरंटी संपून दोन महिने झालेला.
उलटा केला, सुलटा केला,
स्क्रू म्हणून कुठे नाहीच.
जिगरनं गरम हवा मारली, कडेनं पातं घातलं,
तर सालीबरोबर बॅटरीही फाटून आली
आणि दुकानभर नेलपॉलिशचा वास.
गिऱ्हाईक म्हणाला, जाऊ द्या, नवा घेतो,
आणि सेव-उसळ खायला गेला.
त्याचं काय चुकलं?
ज्यानं हा बनवला त्याला
पुढे कुणी तो उघडेल असं वाटलंच नसेल.
किंवा वाटलं असेल,
आणि म्हणूनच एवढा गोंद.

दुपारी हेमांगिनीबाई खारकर आल्या, दांडिया बाजारातून,
पंचात गुंडाळलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा घेऊन.
म्हणाल्या, वीस मिनिटं नीट बोलतो, मग षड्जच जातो.
मुली काही थांबत नाहीत, गात राहतात,
आणि कुठे जाऊन पोचतात
ते एकदा ऐकायलाच या तुम्ही.

चार स्क्रू. साधे, अधिकच्या खुणेचे.
त्यातला एक जरा लांब, कुणीतरी दुसऱ्याचा लावलेला.
झाकण निघालं, आणि आतल्या बाजूला
पिवळा पडलेला कागद, त्यावर सगळं सर्किट,
शाईनं, हातानं काढलेलं.
फ्यूज इथे.
हा भाग तापतो, बोट जपा.
कोणत्या कारखान्यात बसून कुणी लिहिलं असेल,
मला न बघता, माझ्या बोटासाठी!

त्याखाली पेन्सिलीनं, गुजरातीत:
१९९१, पॉट बदलला, सोलंकी.
मग कुणाचीच सही नसलेलं:
९८, उंदरानं वायर खाल्ली.
आणि मग, मराठीत:
२००३. घो.

घोरपड्यांतला घो. म्हणजे मी.
घ ची गाठ मी अजून तशीच मारतो.
तेव्हा बावीस वर्षांचा होतो, नटुभाईंच्या हाताखाली,
आणि त्या महिन्यात रोज मॅच असायची.

भिंग लावलं.
सोलंकींचे टाके अजून साबुदाण्यासारखे चमकत होते.
त्यांच्या शेजारी एक करडा, रवाळ,
पायाभोवती केसाएवढी भेग.
कच्चा टाका.
बावीस वर्षं कसाबसा धरून राहिला,
किती मुलींचे किती सा सांभाळले,
आता तापला की सोडतो.

जिगर वाकून म्हणाला, कुणी केलंय हे?
सोलंकी म्हणता आलं असतं. सोलंकी वारले.
मी म्हटलं, लाईट इकडे कर.

जुनं शिसं ओढून घेतलं, पाय घासला,
नवा टाका दिला, फुंकर न मारता, त्याचा तो थंड होऊ दिला.
बावीस वर्षांपूर्वी फुंकर मारली असणार मी.
मॅच चालू असणार.

जिगरला वाटलं, सकाळच्या स्पीकरचा कोन यात बसेल.
कल्पना चांगली होती, ओहम जुळेनात.
कोन डब्यात ठेवला.
डब्याला घाई नसते.

मग पेन्सिल घेतली:
कच्चा टाका माझाच होता. पुन्हा केला. घो.
तारीख घातली.
जिगर वाचत होता, मला बघायचं नव्हतं की तो वाचतोय.
पेन्सिल त्याच्याकडे सरकवली.
त्यानं नाव लिहिलं, गुजरातीत, एवढं मोठं
की पुढच्या माणसाला बारीक लिहावं लागेल.

आता वीस मिनिटं.
समोरच्या दुकानातला पोरगा एकेक रिंगटोन वाजवून बघतोय,
कुणीतरी काचेचं कव्हर मागतंय,
आणि या सगळ्याखाली, सतरंजीसारखा पसरलेला
सा.
अठरा. एकोणीस.
हातात स्क्रू घेऊन बसलोय, हेमांगिनीबाई डोळे मिटून.
वीस.

एकविसाव्या मिनिटाला षड्ज होता.

मी झाकण लावलं.
स्क्रू फार घट्ट पिळले नाहीत.